संगणक मंदावतो, पण नेमका कुठे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

घरात संगणक असलेल्या प्रत्येकाच्या तोंडी कधी ना कधी एक वाक्य येतंच, ‘आमचा कॉम्प्युटर हल्ली फार स्लो झालाय, सारखा हँग होतो.’ त्यावरची उत्तरंही ठरलेली असतात. शेजारी म्हणतात, व्हायरस शिरला असेल. भाचा म्हणतो, रॅम वाढवून घ्या. दुरुस्तीला येणारा मुलगा म्हणतो, ‘काका, फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा पळेल.’ आणि दुकानदार म्हणतो, यात आता काही राम राहिला नाही, नवाच घ्या. या चारही उत्तरांत एक गोष्ट समान आहे. संगणक अजून कुणी तपासलेलाच नाही.

संगणक मंद होणं हे ताप येण्यासारखं आहे. ताप हे लक्षण आहे, रोग नव्हे. साध्या सर्दीनेही ताप येतो आणि मलेरियानेही येतो, पण दोन्हींवरचं औषध एक नाही. तसंच इथेही आहे. तापलेल्या प्रोसेसरला जादा रॅमचा उपयोग नाही. रॅम कमी पडत असेल तर फॉरमॅट करून फार तर आठवडाभर बरं वाटेल. आणि हार्ड डिस्कच शेवटच्या घटका मोजत असेल, तर घाईघाईने केलेल्या फॉरमॅटमध्ये वीस वर्षांचे घरचे फोटो कायमचे जातील. म्हणून पैसे खर्च करण्याआधी, किंबहुना कुणाला बोलावण्याआधी, संगणक नेमका कुठे अडतो ते घरच्या घरी कसं ओळखायचं, हे आज पाहू. त्यासाठी बहुतेक वेळा स्क्रू-ड्रायव्हरही लागत नाही.

आचारी, ओटा आणि कोठीघर

संगणकाच्या त्या उभ्या डब्याला आपल्याकडे सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात. खरं तर सीपीयू म्हणजे प्रोसेसर. तो त्या डब्यातला बिस्किटाएवढा एक भाग असतो. डब्यात काय चालतं हे समजायला लग्नघरातला स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर हा आचारी. रॅम म्हणजे त्याच्यासमोरचा ओटा. हार्ड डिस्क म्हणजे मागचं कोठीघर. पीठ, डाळ, तेल, गूळ सगळं कोठीत असतं, पण आचारी कोठीत स्वयंपाक करत नाही. लागेल ते सामान आधी ओट्यावर आणावं लागतं. वीज गेली की ओटा पुसला जातो, कोठीतलं सामान मात्र जागच्या जागी राहतं.

आता या जागांच्या वेगातलं अंतर पाहा. रॅममधली गोष्ट प्रोसेसरला मिळायला साधारण सेकंदाचा एक कोटीवा भाग पुरतो. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये मात्र ग्रामोफोनसारखी खरोखरची तबकडी फिरत असते. घरगुती डेस्कटॉपमध्ये ती बहुधा मिनिटाला ७,२०० फेरे घेते. म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. वाचणारा दांडा योग्य जागी सरकायचा आणि तबकडीवरचा हवा तो भाग त्याच्याखाली यायचा, यात मिळून सरासरी १२-१३ मिलिसेकंद जातात. ऐकायला हे क्षुल्लक वाटतं. पण समजा, रॅममधून एखादी वस्तू आणायला एक सेकंद लागला असता, तर त्याच हिशेबाने हार्ड डिस्कवरून ती आणायला सव्वा दिवसाहून जास्त वेळ लागला असता! अलीकडच्या एसएसडीमध्ये काहीच फिरत नाही, सगळं चिपवर असतं. तिला याच मापाने सुमारे सतरा मिनिटं लागली असती.

संगणक रखडतो तेव्हा बहुतेक वेळा आचारी हात जोडून उभा असतो, कारण कोठीतून सामान यायचं असतं. ही गोष्ट ध्यानात ठेवली की पुढचं सगळं सोपं होतं.

आधी दोन साधे प्रश्न

पहिला प्रश्न असा की, संगणक मंद आहे की इंटरनेट? नेट बंद असताना कॅल्क्युलेटर उघडा, नोटपॅड उघडा, डिस्कवरचा एखादा फोटो उघडा. ही कामं झटपट होत असतील आणि फक्त वेबसाइट रखडत असतील, तर संगणकाला बोल लावू नका. राउटर बंद करून चालू करा, मोबाइलवर तेच पान उघडून पाहा. तिथेही तोच खोळंबा असेल तर तक्रार इंटरनेट देणाऱ्याकडे करायची.

दुसरा प्रश्न, केव्हा मंद? सुरू होतानाच फार वेळ लागतो आणि मग ठीक चालतो? की सुरुवातीला ठीक असतो आणि अर्ध्या तासाने ढेपाळतो? की ब्राउझरमध्ये आठ-दहा पानं उघडली की थांबतो? की कधीही, काहीही करताना मध्येच गोठतो? या चार तक्रारींची कारणं सहसा वेगवेगळी असतात. चार दिवस एका कागदावर टिपून ठेवा. दुरुस्ती करणाऱ्याला ‘स्लो आहे’ एवढंच सांगण्यापेक्षा हा कागद दाखवणं कितीतरी उपयोगाचं आहे.

यानंतरचं काम म्हणजे ‘रीस्टार्ट’. इथे एक बारकावा आहे. आपण रोज रात्री ‘शट डाउन’ करतो, म्हणजे संगणकाला रोज पूर्ण विश्रांती मिळते असं आपल्याला वाटतं. पण २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. त्यामुळे सुरुवात लवकर होते, पण आत साचलेला गोंधळही तसाच परत येतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर मात्र सगळं मुळापासून नव्याने सुरू होतं. महिनोन्‌महिने रोज शट डाउन होणारा संगणक एका रीस्टार्टने सुधारला, असं घडतं ते यामुळेच.

आणि डेस्कटॉपवर राइट क्लिक करून ‘रिफ्रेश’, ‘रिफ्रेश’, ‘रिफ्रेश’ करण्याची आपल्याकडची जी सवय आहे, तिने संगणक तसूभरही वेगवान होत नाही. त्याने पडद्यावरची चित्रं फक्त पुन्हा काढली जातात.

नाडी कुठे पाहायची?

विंडोजमध्येच नाडी पाहण्याची सोय आहे. तिचं नाव टास्क मॅनेजर. कीबोर्डवरच्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की तो उघडतो. लहान खिडकी आली तर ‘मोअर डिटेल्स’वर क्लिक करा. वर चार आकडे दिसतील. सीपीयू, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क. प्रत्येकापुढे टक्केवारी असते. त्या रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सर्वांत जास्त वापर करणारा प्रोग्राम वर येतो.

संगणक सुरू केल्याबरोबर हे आकडे पाहू नका. त्या वेळी सगळ्यांचीच धावपळ असते. दहा मिनिटं जाऊ द्या, मग नेहमीचं काम करा आणि संगणक अडला की लगेच पाहा. कुठला आकडा नव्वद-शंभरला चिकटून बसला आहे, एवढंच बघायचं. अडथळा बहुधा तिथेच असतो.

ओटा भरला की

समजा, मेमरीचा आकडा नव्वदच्या वर आहे. याचा अर्थ ओटा भरला. अशा वेळी विंडोज काय करते? ओट्यावरचं काही सामान तात्पुरतं कोठीत नेऊन ठेवते, हवं झालं की परत आणते. या युक्तीला आभासी स्मृती म्हणतात. इंग्लंडमध्ये मँचेस्टर इथल्या ‘अ‍ॅटलस’ संगणकात ती १९६२ साली प्रत्यक्षात आली. युक्ती उत्तम आहे, पण मर्यादेत. ओटा फारच लहान पडला, तर आचाऱ्याचे मदतनीस नुसते ओटा-कोठी, कोठी-ओटा अशा खेपा घालत राहतात आणि स्वयंपाक थांबतो. पीटर डेनिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६८ मध्ये या अवस्थेची कारणं आणि तिच्यावरचा उपाय शास्त्रशुद्ध रीतीने मांडला. आपण ज्याला ‘हँग झाला’ म्हणतो, तो पुष्कळदा हाच प्रकार असतो.

यावर पहिला उपाय फुकटाचा आहे. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्टार्टअप’ हा भाग उघडा. संगणक सुरू होताना न बोलावता हजर होणाऱ्या प्रोग्रामांची ती यादी आहे. प्रिंटरचा मदतनीस, गाणी वाजवणारा, व्हिडिओ कॉलचा, खेळाचा, कधीकाळी एकदाच वापरलेला. यातल्या ज्याची रोज गरज नाही, त्याला ‘डिसेबल’ करा. त्याने प्रोग्राम पुसला जात नाही, आपण उघडू तेव्हाच उघडतो. ज्याचं नाव ओळखीचं नाही त्याला मात्र आधी विचारपूस केल्याशिवाय हात लावू नका. ब्राउझरमधली नको असलेली पानं बंद करा, तिथे चिकटलेली जादा एक्स्टेन्शन काढा. दोन अँटिव्हायरस असतील तर एकच ठेवा. दोघंही प्रत्येक फाइल तपासायला बसतात आणि एकमेकांवरही संशय घेतात.

एवढं करूनही मेमरी भरतच असेल तर रॅम वाढवणं योग्य. पण त्याआधी दोन गोष्टी पाहा. सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’ आणि मग ‘अबाउट’ इथे ‘सिस्टिम टाइप’ लिहिलेला असतो. तिथे ३२ बिट असेल तर घरगुती विंडोज ४ जीबीपलीकडची रॅम वापरूच शकत नाही, प्रत्यक्षात तीन-साडेतीन जीबीच हाती लागते. अशा संगणकात ८ जीबी रॅम बसवली तर निम्मे पैसे पाण्यात. आधी ६४ बिटची विंडोज घालता येते का ते विचारायला हवं. दुसरं म्हणजे डीडीआर-३, डीडीआर-४ या रॅमच्या जाती आहेत. त्यांच्या पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसत नाही. आपल्या मदरबोर्डला कोणती चालते आणि किती चालते, हे पाहूनच खरेदी करावी. रॅम काढून खोडरबराने घासण्याचा आपल्याकडे प्रसिद्ध असलेला उपाय संगणक सुरूच होत नसेल तेव्हा कधी कधी लागू पडतो. मंदपणावर त्याचा उपयोग नाही.

कोठीतली रांग

आता समजा, डिस्कचा आकडा शंभरला चिकटला आहे. पाच-सात वर्षांपूर्वीच्या घरगुती संगणकांत हे चित्र सर्वांत जास्त दिसतं. गंमत अशी की, डिस्क शंभर टक्के कामात असते, पण शेजारी पाहिलं तर सेकंदाला जेमतेम एक-दोन एमबी माहिती सरकत असते. हे कसं? एका ठिकाणाहून सलग वाचायचं असेल तर जुनी डिस्कसुद्धा सेकंदाला शंभर एमबीच्या पुढे जाते. पण शंभर ठिकाणच्या शंभर लहान फाइली मागितल्या, तर प्रत्येक वेळी तो दांडा सरकवावा लागतो. एका खेपेला १२-१३ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी खेपा. विंडोज सुरू होताना अशा हजारो खेपा लागतात. अपडेट, अँटिव्हायरसची तपासणी आणि फाइलींची सूची बनवणं ही तिन्ही कामं एकाच वेळी सुरू झाली की कोठीच्या दारात रांग लागते.

अपडेट किंवा तपासणी चालू असेल तर ती पूर्ण होऊ द्यावी. मध्येच बटण दाबून बंद केलं तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याची शक्यता असते. महिन्यातून एकदा संगणक दोन-तीन तास नुसता चालू ठेवला, तर ही तुंबलेली कामं मार्गी लागतात. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल तर जागा करावी. साधारण दहा-पंधरा टक्के जागा मोकळी असलेली बरी. ‘डिस्क क्लीनअप’ आणि ‘स्टोरेज’ या सोयी विंडोजमध्येच आहेत. डीफ्रॅगमेंट करणं, म्हणजे विखुरलेल्या फाइली एकत्र लावणं, हे फिरत्या तबकडीला उपयोगी पडतं. पण २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ते काम ठरल्या वेळी आपोआप होतं. एसएसडीला त्याची गरज नाही, उगाच झीज होते.

पण तबकडीचा मूळ स्वभाव यापैकी कशानेच बदलत नाही. खरा फरक पडतो तो तबकडीच्या जागी एसएसडी बसवल्याने. जुन्या संगणकाला द्यायची एकच गोष्ट निवडायची झाली, तर बहुतेक वेळा मी हीच सुचवीन. ती सेकंदाला ऐंशी नव्हे, तर हजारो खेपा घालते. २००३ नंतर हळूहळू रूढ झालेली साटा ही जोडणी ज्या डेस्कटॉपमध्ये आहे, त्यात अडीच इंची साटा एसएसडी सहसा बसते. विंडोज तिच्यावर घ्यायची आणि जुनी डिस्क धडधाकट असेल तर फोटो, गाणी ठेवायला तशीच राहू द्यायची.

डिस्क आजारी असेल तर

इथे मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगायची आहे. डिस्क नुसती संथ आहे की आजारी आहे, हा फरक ओळखायला हवा. फाइल उघडताना संगणक मध्येच मिनिटभर गोठतो, आतून टिक-टिक किंवा खरखर ऐकू येते, एखादा फोटो अर्धाच उघडतो, कॉपी करताना ठरावीक ठिकाणी अडतो, सुरू होताना डिस्क तपासण्याचा निरोप वारंवार येतो, ही आजाराची लक्षणं आहेत. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात डिस्कचा ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ दिसतो. माहिती फारशी सरकत नसतानाही तो सतत शेकडो, हजारो मिलिसेकंद दिसत असेल, तर डिस्क किंवा तिची केबल यांपैकी काहीतरी बिघडलं आहे असं समजावं.

डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते. तिला ‘स्मार्ट’ म्हणतात आणि ती वाचणारे मोफत प्रोग्राम मिळतात. पण तिच्यावर पूर्ण विसंबून राहू नये. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बंद पडण्याची शक्यता, तशी चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. पण त्याच अभ्यासात हेही दिसलं की, बंद पडलेल्या डिस्कांपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कांनी, तापमानाची नोंद वगळता, कुठलाच इशारा दिला नव्हता. म्हणजे इशारा आला तर तो गांभीर्याने घ्या, पण इशारा आला नाही म्हणून निश्चिंत राहू नका.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. लक्षणं दिसली की आधी फोटो, कागदपत्रं, हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. जे पुन्हा मिळणार नाही ते सर्वांत आधी. मगच डीफ्रॅगमेंट, अँटिव्हायरसची पूर्ण तपासणी, फॉरमॅट वगैरे. ही सगळी कामं आजारी डिस्कला धावायला लावतात, आणि तीच तिची शेवटची धाव ठरू शकते. सी ड्राइव्हवरचं डी ड्राइव्हवर टाकलं म्हणजे सुरक्षित झालं, असंही नाही. घरगुती संगणकांत बहुधा ते एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात.

आचारीच दमला तर

आता तिसरी शक्यता. संगणक पहिली दहा-पंधरा मिनिटं छान चालतो, मग पंखा जोराने घोंघावू लागतो आणि सगळं मंदावतं. उन्हाळ्यात हे जास्त जाणवतं. इथे संशय उष्णतेचा. प्रोसेसर फार तापला, म्हणजे साधारण ९० ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेला, की जळू नये म्हणून तो आपला वेग आपणच कमी करतो. म्हणजे तो बिघडलेला नसतो, स्वतःला सांभाळत असतो. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा चालू वेग आणि मूळ वेग असे दोन्ही आकडे दिसतात. काम जोरात चालू असताना चालू वेग मूळ वेगाच्या बराच खाली राहत असेल तर संशय बळावतो.

कारण बहुधा धूळ. आपल्याकडे डबा टेबलाखाली, कोपऱ्यात, भिंतीला चिकटून, वर प्लास्टिकचं आवरण घालून ठेवतात. खिडकीतून रस्त्याची धूळ येते, पंखा ती आत ओढतो आणि प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांमध्ये तिचा नमदा बसतो. डबा भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. साफ करायचा तर भिंतीतला प्लग काढून, झाकण उघडून, मऊ ब्रशने किंवा ब्लोअरने. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, ते गरागरा फिरू देऊ नका. ओलं फडकं नको. वीजपुरवठ्याचा एसएमपीएस हा बंद डबा मात्र घरी कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात विजेचा साठा काही काळ राहतो. साफसफाईनंतरही फरक पडला नाही, तर प्रोसेसर आणि पातीच्या मधली थर्मल पेस्ट वाळली असेल. ती बदलणं हे दुरुस्ती करणाऱ्यासाठी थोड्या वेळाचं काम आहे.

तापमान ठीक आहे, पण काहीच करत नसताना सीपीयूचा आकडा वर चढलेला आहे, तर कोण काम करतंय ते यादीत पाहा. ओळखीचं नसलेलं नाव सतत वर दिसत असेल तर व्हायरसचा संशय घ्यायला जागा आहे. विंडोजमधला डिफेंडर किंवा आपण घेतलेला अँटिव्हायरस अद्ययावत करून पूर्ण तपासणी करा. व्हायरसही खरे असतात, पण मंदपणाच्या कारणांत त्यांचा नंबर लोक समजतात तितका वरचा नसतो.

भीतीचा धंदा

हे मुद्दाम सांगतो, कारण ‘स्लो आहे’ या तक्रारीभोवती भीतीचा मोठा धंदा उभा आहे. अमेरिकेतलं एक प्रकरण बोलकं आहे. तिथे ऑफिस डेपो या मोठ्या दुकान-साखळीत ग्राहकांच्या संगणकाची मोफत तपासणी करून मिळे. तपासणीच्या सुरुवातीला चार प्रश्न असत. संगणक मंद चालतो का, हा त्यांतलाच एक प्रश्न. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनचा आरोप असा होता की, त्या चारपैकी एकाही प्रश्नाला ‘हो’ म्हटलं की, प्रत्यक्षात काहीही सापडो न सापडो, घातक प्रोग्रामची लक्षणं आढळली असा निकाल आपोआप येई आणि ग्राहकाला महागडी दुरुस्ती विकली जाई. मार्च २०१९ मध्ये तडजोड झाली. ऑफिस डेपोने अडीच कोटी डॉलर आणि तो प्रोग्राम पुरवणाऱ्या सपोर्ट डॉट कॉमने एक कोटी डॉलर भरले.

आपल्या देशातही हा धंदा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ या मोहिमेत ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांतली काही प्रकरणं बनावट तांत्रिक मदतीच्या कॉल सेंटरची होती. तेव्हा पडद्यावर अचानक ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असा लाल फलक आला, तर फोन करू नका. खरी विंडोज कधी असा फोन नंबर देत नाही. कुणी फोनवरून संगणकाचा ताबा देणारा प्रोग्राम घ्यायला सांगितलं, तर सरळ फोन ठेवा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवा. ‘एका क्लिकमध्ये वेग दुप्पट’ म्हणणारे रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रामही नकोत. अशा प्रोग्रामांच्या वापराला खुद्द मायक्रोसॉफ्टचाही पाठिंबा नाही.

नवा घ्यायचा केव्हा?

कधी कधी संगणकात दोष काहीच नसतो, काळच पुढे गेलेला असतो. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम पुरत असे. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते. वीस वर्षांत चौसष्ट पट! यंत्रं जितक्या वेगाने वेगवान होतात, त्याहून जास्त वेगाने प्रोग्राम मंद होतात, असं निक्लाउस विर्थ या स्विस संगणकतज्ज्ञाने १९९५ सालीच लिहून ठेवलं होतं.

यातली खरी अडचण सुरक्षिततेची आहे. विंडोज ७ ला सुरक्षा-दुरुस्त्या देणं मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२० मध्ये थांबवलं. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर घरगुती वापरासाठी वाढीव दुरुस्त्यांची जी योजना कंपनीने जाहीर केली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ठेवली होती. आणि पुष्कळशा जुन्या संगणकांवर कंपनीच्या नियमाप्रमाणे विंडोज ११ बसत नाही. अशा संगणकाला एसएसडी घालून तो कितीही पळू लागला, तरी त्यावर बँकेचे व्यवहार करणं शहाणपणाचं नाही.

मग तो भंगारात घालायचा का? तसंही नाही. लिनक्स मिंट, उबुंटू यांसारख्या मोफत प्रणाली अशा यंत्रांवर चालतात, त्यांना सुरक्षा-दुरुस्त्या मिळत राहतात आणि युनिकोड मराठी त्यांत उत्तम लिहिता येतं. पत्रलेखन, वाचन, व्हिडिओ, ई-मेल या गरजा त्यांवर भागतात. पण हिशेबाचा एखादा ठरावीक प्रोग्राम किंवा श्रीलिपीसारखा जुना टंकसंच ज्यांच्या रोजच्या कामात आहे, त्यांनी तो तिथे चालेल का हे आधी पाहावं.

नवा संगणक केव्हा घ्यावा, याचं सोपं गणित असं. फक्त एक गोष्ट अडत असेल, रॅम किंवा डिस्क, तर ती बदला. दोन-तीन गोष्टी एकदम अडत असतील, मदरबोर्ड जुन्या जातीचा असेल आणि नवी विंडोजही त्यावर बसत नसेल, तर दुरुस्तीवर पैसा लावू नका.

आणि दुरुस्तीला कुणाला बोलावलंत, तर पाच ओळी कागदावर लिहून ठेवा. संगणक केव्हा मंद होतो. त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये कोणता आकडा शंभराजवळ होता. रॅम किती आणि विंडोज ३२ बिट की ६४ बिट. डिस्क तबकडीची की एसएसडी. आणि पाचवी ओळ अशी की, फोटो-कागदपत्रांची दुसरी प्रत बाहेर काढून झाली आहे. ही पाचवी ओळ खरी असेल, तरच ‘फॉरमॅट मारू का?’ या प्रश्नाला होकार द्या.